भावोजींचे अडीच लिटर

भावोजींनी गाडीचं इंजिन थंड ठेवणारं जुनं कूलंट काढलं, ते भरलं चार लिटर. नवीन घातलं, ते अडीच लिटरमध्येच काठाजवळ आलं. दुसऱ्या कुणाला प्रश्न पडला असता, की बाकीच्या दीड लिटरच्या जागेत आता कोण बसलंय? भावोजींना प्रश्न पडत नाहीत. त्यांना थेट उत्तरंच पडतात. त्यांनी हात पुसले, मान वर केली आणि गॅलरीकडे बघून ओरडले, “अगं, ऐकलंस का? दीड लिटर वाचलं! नवीन माल दाट असतो, कमी लागतो.”

“हो का,” ताई म्हणाली. हे ‘हो का’ तिनं संसारात इतक्या वेळा वापरलंय, की आता ते तिच्या तोंडून श्वासाबरोबरच बाहेर पडतं. मी तिच्या शेजारी उभी होते. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. बघायची गरज नसते.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर एका विमा कचेरीत आवक-जावक विभागात बसले आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिनिअर झाले. त्याला आता सहा वर्षं झाली. बिल्डिंगमधले लोक त्यांना ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणतात. कुठल्या सुरात म्हणतात, ते भावोजींना अजून ऐकू आलेलं नाही. त्यांच्याकडे आठ खिशांचा ॲप्रन आहे. पान्यांची पेटी आहे आणि तिच्यात प्रत्येक पाना आपापल्या खाचेत तान्ह्या बाळासारखा झोपलेला असतो. ज्या वस्तूला ते हात लावतात तिच्यावर चिठ्ठी चिकटवतात. ‘दुरुस्त’, खाली तारीख, खाली सही. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला ती चिठ्ठी दिसली की गाडीला हातच लावत नाही. “काकू,” तो मला एकदा म्हणाला, “बिघडलेली गाडी मी दुरुस्त करीन. त्यांनी दुरुस्त केलेली नको.”

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते आणि शिलाई मशीनं दुरुस्त करते. मला कुणी शिकवलेलं नाही. पहिलं मशीन अडलं ते माझं स्वतःचं. उघडलं, काही कळलं नाही, तसंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. असं करत करत आज गावभरची मशीनं माझ्या पुढच्या खोलीत येऊन बसतात. पण भावोजींच्या लेखी हे बायकी काम. “मेहुणीबाई, तुमचं आपलं सुई-दोऱ्याचं,” ते म्हणतात, “हे इंजिन आहे.” जसं काही इंजिन त्यांच्या पोटी जन्मलंय.

आमच्या घरात त्यावर एक पद्धत पडून गेलीय. आधी भावोजी दुरुस्त करतात, मग आम्ही दुरुस्त करतो. ताई त्यांना काही ना काही निमित्तानं बाहेर काढते आणि मी खाली उतरते. चिठ्ठी वाफेवर धरून अलगद सोडवायची, आतलं काम निस्तरायचं, चिठ्ठी होती तिथं परत लावायची. मिक्सर असाच चालतो. बाथरूमचा नळ असाच गळायचा थांबला. भावोजी संध्याकाळी नळ सोडून बघतात, बंद करून बघतात आणि म्हणतात, “हात लागला की फरक पडतो.” पडतोच. कुणाचा लागला, एवढंच ते विचारत नाहीत.

हे सगळं मिक्सर-नळापर्यंत ठीक होतं. ही गाडी बारकी घेऊन जाणार होती.

बारकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. नाव पडलं तेव्हा बारकी होती, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. डोंगरापलीकडच्या एका हॉस्पिटलमध्ये तिला प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत हजर व्हायचं होतं. सहा तासांचा रस्ता, मध्ये दोन घाट, दुसऱ्या घाटात मैलोन्‌मैल ना माणूस ना फोनला रेंज. आणि पोरगी एकटी.

रविवारी दुपारी पाव आणायचं निमित्त करून मी आणि बारकी गाडी काढून निघालो. पहिल्या वळणावरच डॅशबोर्डच्या मागून आवाज आला. कुणीतरी सकाळी उठून गुळण्या करतंय असा.

“मावशी, हे काय?”

“तुझ्या बाबांची बचत,” मी म्हटलं. “हीटर लाव.”

“या उकाड्यात?”

“लाव म्हणते ना.”

तिनं लावला. तोंडावर थंडगार वारा आला. बाहेर घाम, इंजिन तापलेलं, तापमानाचा काटा मध्य सोडून वर निघालेला आणि हीटर मात्र थंड. मी तिला गाडी झाडाखाली घ्यायला लावून बंद करायला सांगितली.

“वारा थंड येतोय म्हणजे चांगलंच ना?” ती म्हणाली. शेवटी लेक कुणाची!

“हीटरपर्यंत गरम पाणी पोचतच नाहीये. मध्ये हवा अडकलीय. इंजिनात पाणी फिरतं आणि उष्णता घेऊन पुढे येतं. हवेचा फुगा मध्ये बसला की पाणी थांबतं आणि इंजिन आतल्या आत भाजतं. इथे गल्लीत काटा एवढा चढला. घाटात काय होईल?”

बारकीनं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. “बाबांना सांगूया ना सरळ.”

“वेडी आहेस का? सांगितलं की ते समजावून सांगणार. समजावून झालं की पुन्हा उघडणार.”

“पण मावशी, रागावणार फार तर.”

“रागावले तर बरं. ते रुसतात. तुझी आई आठ दिवस त्या रुसव्याच्या भोवती केर काढत असते.”

इंजिन निवलं तसे आम्ही हळूहळू घरी आलो. मी ताईकडे बघून भुवई उडवली. ताईनं पदर खोचला आणि आत जाऊन म्हणाली, “अहो, तुम्ही म्हणत होता ना, हल्लीच्या कपाटांच्या बिजागऱ्या म्हणजे निव्वळ फसवणूक? त्या मोठ्या दुकानात नवीन कपाटं आलीत म्हणे.” भावोजी दहा मिनिटांत बूट घालून तयार. कपाटांची दारं उघडून मिटून दुकानदाराला हैराण करणं हा त्यांचा दोन तासांचा आनंद. बिचारा दुकानदार. पण कुणाला तरी बळी द्यावंच लागतं.

ते दिसेनासे झाले तसं आम्ही गाडी फाटकाच्या चढावर नेली, म्हणजे तोंड वर राहील. हवा वर चढते, तेव्हा तिला जायला वरची वाट मोकळी हवी. एवढं कळायला आठ खिसे लागत नाहीत. इंजिन पुरतं थंड झालंय की नाही ते मी हात लावून बघितलं, मग रेडिएटरचं झाकण काढलं. आत डोकावले तर पातळी काठापासून चार बोटं खाली. प्लास्टिकची बाटली मधोमध कापून तिचा वरचा अर्धा भाग उलटा त्या तोंडात बसवला, फटीत फडकं कोंबलं. झालं नरसाळं. भावोजींच्या डब्यात उरलेलं हिरवं कूलंट त्यात ओतलं.

“आता गाडी चालू कर. हीटर पूर्ण गरमवर. आणि काट्यावरची नजर काढू नकोस.”

पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. आत एक झडप असते, इंजिन तापेपर्यंत ती उघडत नाही. ती उघडण्याची वाट बघणं हेच यातलं निम्मं काम. आणि भावोजींना जमत नाही ते नेमकं हेच. मी फडक्यानं वरचा जाड रबरी पाइप धरून दाबत होते, सोडत होते. मग एकदम नरसाळ्यात एक मोठा बुडबुडा आला, टरबुजाएवढा ढेकर देऊन फुटला. त्यामागून दुसरा. मग बारीक बुडबुड्यांची रांगच लागली. हिरवं पाणी भराभर खाली जायला लागलं आणि मी ओतत राहिले.

“मावशी, हीटर गरम! गरम झाला!” बारकी आतून किंचाळली.

रेडिएटरसमोरचा पंखा सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. बुडबुडे थांबले. पूर्ण दीड लिटर गेलं होतं आत. चार उणे अडीच. इतका साधा हिशेब, पण त्याला आधी आपण चुकलो असं वाटावं लागतं.

आता उरला रिकामा डबा. भावोजी वाचलेला थेंबन्‌थेंब जपून ठेवतात, संध्याकाळी डबा बघणारच. मी वर गेले. पडदेही शिवून रंगवून देते मी; त्यासाठीचा हिरवा रंग होता माझ्याकडे. डब्यात दीड लिटर साधं पाणी घातलं, दोन थेंब रंग टाकला आणि हलवला. उजेडात धरून बघितलं. हुबेहूब.

“मावशी, हे जरा जास्तच होतंय,” बारकी म्हणाली.

“आजवर कधी पकडले गेलोय?” मी म्हटलं आणि डबा होता तिथं नेऊन ठेवला. खोटं कशाला बोलू, मला त्या डब्याचा अभिमान वाटला होता.

सोमवारी सकाळी सातला मी निरोप द्यायला खाली उतरले. बारकीचं सामान मागच्या सीटवर कोंबलेलं. ताईनं खाण्याचे इतके डबे दिले होते, की पोरगी नोकरीला नाही, वेढ्यात अडकायला निघालीय असं वाटावं. भावोजी ॲप्रन घालून उभे. डोळे लाल, झोप न झाल्यासारखे.

बारकीनं गाडी चालू केली आणि डॅशबोर्डच्या मागून गुळण्यांचा आवाज आला.

काल संध्याकाळी मी स्वतः दोनदा चालू करून बघितली होती. चकार आवाज नव्हता.

“बंद कर,” मी म्हटलं.

“काही नाही हो मेहुणीबाई,” भावोजी म्हणाले. “जागा करतंय स्वतःला. मी पहाटे सगळं तपासलंय. बरं झालं तपासलं! झाकण उघडलं तर कूलंट पार काठापर्यंत आलेलं. सुजलं होतं.”

“सुजलं?”

“फुगतं ते. मी काल मुद्दाम चार बोटं जागा सोडली होती. दूध तापवताना आपण पातेलं काठोकाठ भरतो का? मग हे तर इंजिन! खालची तोटी सोडली आणि जेवढं जास्त होतं तेवढं काढून टाकलं.”

“कशात काढलंत?” ताईनं विचारलं. तिचा आवाज मला आवडला नाही.

“अगं ते आहे ना, दुधाचं पातेलं.”

“अहो, विष असतं ते!”

“विसळून घे ना.”

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. एरवीचं ‘हो का’ काही बाहेर पडलं नाही. मी बॉनेट उघडायला लावलं. खालून काढलं म्हणजे तेवढीच हवा वरून आत आली, आणि आता इंजिन चालू करून तिला कानाकोपऱ्यात पोचवूनही झालं होतं. मला इतका संताप आला, की त्या ॲप्रनच्या आठही खिशांत एकेक दगड भरून त्यांना विहिरीत सोडावंसं वाटलं. पण संतापाला अजून पुरतं तोंडही फुटलं नव्हतं, तोच भावोजी म्हणाले,

“कमी वाटतंय का तुम्हाला? घालू की थोडं. दीड लिटर शिल्लक आहे माझ्याकडे.”

आणि ते डबा घेऊन आले. माझा डबा. सकाळच्या उन्हात तो पाचूसारखा हिरवा दिसत होता.

मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. बारकी माझ्याकडे बघत होती. भावोजींनी डब्याचं झाकण फिरवलं. मी मनात पटकन हिशेब मांडला: थोडंसं साधं पाणी, बाकी सगळं कूलंट, गाडी बहुधा पोचेल. बहुधा. दुसऱ्या घाटात पोरगी एकटी असणार होती आणि मी इथं ‘बहुधा’ मोजत होते, कशासाठी? तर एका माणसाला चुकलात असं तोंडावर म्हणावं लागू नये म्हणून. हीच माझी हुशारी.

“ते ओतू नका.”

“का?”

“पातेल्यातलं ओता.”

“ते वापरलेलं आहे. हे नवीन आहे.”

“ते पाणी आहे, भावोजी. नळाचं. पडद्याचा रंग घातलाय त्यात.”

भावोजींनी डब्याकडे बघितलं. वास घेतला. बोट बुडवलं, ते हिरवं झालं. ॲप्रनला पुसलं, तरी हिरवंच राहिलं.

“हे कुणी केलं?”

“मी. तुमचं कूलंट काल आम्ही गाडीत घातलं. तुम्ही भरलंत तेव्हा आत दीड लिटर हवा राहिली होती. ती काढली. तुम्हाला कळू नये म्हणून डबा भरून ठेवला. कळलं असतं तर पहाटे तुम्ही काढलं नसतं. म्हणजे आत्ता जी हवा आत आहे ना, ती निम्मी तुमची आणि निम्मी माझी.”

हे शेवटचं वाक्य मला बोलायचं नव्हतं. पण ते खरं होतं आणि निघालं तोंडातून.

भावोजी गाडीच्या कडेला टेकले. मला वाटलं, आता रुसवा. आता आठ दिवस. पण त्यांनी ताईकडे बघून एवढंच विचारलं, “आणि मिक्सर?”

“मिक्सरही,” ताई म्हणाली. एकदा तोंड उघडलं तशी ती थांबेना. “मिक्सर, नळ, इस्त्री, बैठकीतलं घड्याळ, गिझर दोनदा.”

“पंखा?”

ताई घुटमळली. माझ्याकडे बघितलं.

“पंखा तुमचा,” मी म्हटलं. “पंख्याला आम्ही हात लावला नाही.” पंख्याला मुळात काही झालंच नव्हतं, हे मी गिळलं. एका सकाळी एका माणसाला किती द्यायचं?

“मी रात्रभर झोपलो नाही,” भावोजी कुणाकडेच न बघता म्हणाले. “ती घाटातून जाणार. वाटलं, एकदा शेवटचं बघून घेऊ.”

मलाही रात्रभर झोप नव्हती, आणि तीही त्याच घाटापायी.

“इंजिन फार तापलेलं नाही,” मी म्हटलं. “अर्धा तास थांबू. मग झाकण काढू. गाडी चढावर घ्या. बारकी, बाटलीचं नरसाळं आण. आणि भावोजी, ॲप्रन राहू दे, पण ती पेटी आत ठेवा. तिच्यातलं काही लागणार नाही.”

अर्ध्या तासानं कामाला लागलो. मी त्यांना वरचा पाइप धरायला दिला. पहिल्याच दणक्यात त्यांनी तो असा आवळला, की हिरवी चूळ थेट माझ्या साडीवर आली.

“मान नाही मुरगळायची कुणाची! दाबा, सोडा. दाबा, सोडा. पिठाच्या गोळ्यासारखं.”

“मी कधी पीठ मळलंय?”

“तेच तर.”

बारकी आत बसल्या बसल्या हसली. भावोजी दाबत राहिले. थोड्या वेळानं त्यांचं तोंड सुरू झालंच: “मी फोनवर बघितलेल्या व्हिडिओमध्ये हीटरचं काही नव्हतं. हीटरचा आणि याचा संबंध काय?” ते मी सांगितलं. हीटर म्हणजे आत दडलेला छोटा रेडिएटरच, तो बंद ठेवला तर हवा तिथंच लपून बसते. ते “हं” म्हणाले. त्यानंतर मी वाट बघत होते, की आता ते मला हेच उलट समजावून सांगतील. तसे ओठ हललेही. पण तेवढ्यात नरसाळ्यात पहिला मोठा बुडबुडा फुटला आणि ते लहान पोरासारखे दचकले.

“ही ती हवा?”

“हीच.”

“एवढी?”

“अजून आहे.”

ते वाकून बघत राहिले. मी पातेल्यातलं गाळून घेतलेलं कूलंट धारेनं सोडत होते, ते बुडबुडे मोजत होते. मोजून काही उपयोग नसतो. पण मोजू दिलं. बुडबुडे थांबल्यावरही त्यांनी पाइप सोडला नाही. पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत, मी सांगेपर्यंत, त्यांनी तो धरून ठेवला. हीटर गरम झाला. पातळी काठाशी येऊन स्थिरावली. मी झाकण लावलं.

सव्वानऊला बारकी निघाली. जाताना मी तिला खिडकीतून सांगितलं, “पहिला घाट चढून होईपर्यंत हीटर चालू ठेव. गरम वारा येतोय तोवर सगळं ठीक. थंड झाला, की तिथंच थांब आणि झाकणाला हात लावू नकोस, भाजशील. पहिल्या घाटावर चहाची टपरी असते, तिथून फोन कर.”

“मावशी, या उन्हात हीटर?”

“घाम गाळत जा. घामानं कुणी मरत नाही.”

ती वळणावर दिसेनाशी झाली. ताईनं ते दुधाचं पातेलं दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकलं आणि वर निघून गेली. त्यानंतर आम्ही तिघंही ताईच्या बैठकीत बसलो. शेजारचे गृहस्थ दारातून डोकावले, “काय इंजिनिअरसाहेब, गेली का लेक? गाडी एकदम ओके ना?” भावोजी म्हणाले, “गाडीतली हवा काढलीय.” कुणी काढली, ते सांगितलं नाही. मी मनात म्हटलं, हे बघा, लगेच निघालं गाडं जुन्या रस्त्याला. मग लक्षात आलं की ‘मी काढली’ असंही ते म्हणाले नव्हते. एवढ्यावर खूश व्हायची वेळ यावी, यावरून आमची पातळी कळते.

साडेअकरा झाले. पावणेबारा. पहिला घाट एव्हाना व्हायला हवा होता. ताई खिडकीपाशी जाऊन आली, परत बसली, परत गेली. भावोजी हातातला फोन उलटा-सुलटा करत होते.

बारा वाजायला पाच मिनिटं असताना तो वाजला. त्यांनी घाईत भलतंच बटण दाबलं, मग ताईनं हातातून घेऊन स्पीकर लावून परत दिला.

“हॅलो! काटा कुठंय?” भावोजी.

“मध्यावर! अख्खा घाट मध्यावर, बाबा, हललासुद्धा नाही.”

“आवाज?”

“काही नाही. हीटर भट्टीसारखा चालू आहे. मी पार वाफाळलेय. बाबा, आता तरी बंद करू का? की दुसऱ्या घाटापर्यंत ठेवू?”

भावोजींनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, जिभेवर आलेलं मला दिसत होतं. भावोजी तसेच क्षणभर उघड्या तोंडानं बसले, मग त्यांनी ते मिटलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

“बंद कर आता,” मी म्हटलं. “आणि खिडक्या उघड.”